हस्तांतर, ताबा की खांदेपालट?

कोरा कागद: भाषांतरात अडकलोय. सप्टेंबर १९४५, जपान शरण आलेला, इंडोचायनात (फ्रेंचांची वसाहत, आजचे व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) १६ अंश अक्षांशाच्या खाली जपान्यांची शस्त्रं उतरवून घ्यायला ब्रिटिशांचा जनरल ग्रेसी २० वी इंडियन डिव्हिजन घेऊन सायगॉनला जातो आणि जानेवारी १९४६ मधे सगळं फ्रेंच जनरल लक्लेरकडे देऊन निघतो. मी "लष्करी सत्तांतर" लिहिलं, संपादकांनी लाल रेघ मारली. म्हणे सत्ता ब्रिटिशांची होतीच कुठे? मग काय लिहू?

उंबरठा: बरोबरच आहे त्यांचं. "लष्करी अधिकारांचं हस्तांतरण" लिहा, विषय संपला.

जुनी पाटी: हस्तांतर हो! स्थलांतर म्हणता की स्थलांतरण? तो शेपटीचा ण हिंदी बातम्यांतून आलाय.

उंबरठा: मग रूपांतरण पण हाकला.

पोटमाळा: माझे आजोबा मराठा पलटणीत होते, त्याच सुमारास डचांच्या वसाहतीत, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, जावा बेटावर सुराबायाला. तेच शहर, जिथे ब्रिटिश ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला. तिथेही हेच, ब्रिटिशांनी नोव्हेंबर १९४६ अखेर डचांच्या गळ्यात घालून काढता पाय घेतला. आजोबांचा शब्द एकच, "चार्ज दिला". पुढे कचेरीत शिपाई लागले तिथेही चार्जच. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटून दाखवायचे, "हा असा".

जुनी पाटी: चार्जच लिहायचा तर भाषांतर कशाला करताय? "हवाली केलं" लिहा. ज्याच्या हवाली किल्ला तो हवालदार.

उंबरठा: हवाली अरबी आहे, काका.

जुनी पाटी: गडांवर राबलाय तो शब्द, मराठीच झाला आता.

उंबरठा: आणि चार्जनं काय घोडं मारलंय?

निवडुंग: हवाली काय, सोपवणं काय, सगळ्यात घेणारा मालक धरलाय तुम्ही. व्हिएतनामी नेता हो ची मिन्हनं २ सप्टेंबरलाच हनोईत व्हिएतनामचं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. त्यात ग्रेसीनं जपान्यांच्या कैदेतले फ्रेंच सैनिक सोडवून त्यांच्या हातात बंदुका दिल्या, वर शरण आलेल्या जपान्यांनाच बंदोबस्ताला उभं केलं. माझ्या मते "खांदेपालट". भोई बदलले, पालखी तीच.

पोटमाळा: आमच्याकडे खांदेपालट तिरडीची पण असते, विसाव्याला.

निवडुंग: मग तर आणखीच चपखल.

कोरा कागद: अहो, पण संपादकांना हे कसं सांगू? उद्या पानं द्यायचीत, तूर्त "ताबा दिला" टाकतोय.

उंबरठा: ताबा प्लॉटचा देतात, पावतीसकट. इथे व्हिएतनामींची सही कुठाय पावतीवर?

जुनी पाटी: ते असो. पोटमाळा, विसाव्याला तुमच्याकडे नुसते खांदे बदलतात की तिरडीची दिशा पण? आमच्याकडे दोन्ही.