ड्वार्फ सिक्लिडच्या टाकीत कोरीडोरस सोडावेत का?

पाणवठा

ड्वार्फ सिक्लिड, म्हणजे स्वतःची हद्द राखणारे छोटे शोभेचे मासे, नव्याने पाळणाऱ्याला बहुतेक वेळा पहिला सल्ला मिळतो तो असा: वर टेट्रा या चिमुकल्या माशांचा थवा सोडा, तळाला पाच-सहा कोरीडोरस (वाळूत अन्न शोधणारे मिशावाले मासे) सोडा आणि मग सिक्लिडची जोडी आणा. हा सल्ला मी स्वतः अनेक वर्षे पाळला आणि इतरांनाही दिला. आता माझे मत बदलले आहे. वरच्या थरात पोहणाऱ्या सोबत्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु एपिस्टोग्रामा या ड्वार्फ सिक्लिडच्या जोडीबरोबर लहान टाकीत कोरीडोरस ठेवणे हा त्या दोन्ही माशांवर अन्याय आहे, असे माझे ठाम म्हणणे आहे.

६० सेंटिमीटर लांबीच्या माझ्या टाकीत कॅकॅटुऑइडिस जातीच्या एपिस्टोग्रामाच्या मादीने नारळाच्या करवंटीत, आतून छताला, अंडी चिकटवली. त्याच दिवशी तिचे अंग गर्द पिवळे झाले, पोटाखालच्या परांची पुढची कड काळी पडली आणि करवंटीच्या तोंडाशी ती पहाऱ्याला उभी राहिली. कार्डिनल टेट्रा चुकून खाली आला, तर तिने नुसते पर ताठ करून त्याच्याकडे तोंड वळवले तरी तो मागे सरत असे. कोरीडोरसांचे तसे नव्हते. वाळूत मिशा खुपसून अन्न शोधत ते सरळ करवंटीपर्यंत येत. मादी कल्ले फुगवी, शेपटीने पाण्याचा झोत मारी, शेवटी धडकही देई; पण कोरीडोरसच्या दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात, त्यामुळे तिच्या धडकेचा त्याला फारसा उपद्रव होत नाही. या माशाला स्वतःची हद्द राखण्याची सवयच नाही आणि म्हणून दुसऱ्याने आखलेली हद्दही त्याला उमगत नाही. मग मादीने चिलखत सोडून जिथे लागेल तिथे चावायला सुरुवात केली, म्हणजे डोळे आणि मिशा. एका कोरीडोरसचा डोळा पांढुरका झाला, दुसऱ्याच्या मिशा निम्म्या उरल्या. इतके होऊनही तिसऱ्या सकाळी करवंटीचे छत रिकामे होते. सिक्लिड दिवसा डोळ्यांनी राखण करतो. कोरीडोरस अंधारातही मिशांनी अन्न हुडकतो. रात्री ही लढाई बरोबरीची राहत नाही.

सोबती निवडताना आपण विचारतो, ‘हे एकमेकांना मारतील का?’ माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. दोघांनाही आपापल्या स्वभावाप्रमाणे वागता येईल का, हे विचारायला हवे, आणि ६० सेंटिमीटरच्या टाकीत त्याचे उत्तर नकारार्थी येते.

वाळूतळ

आपण वर्णन केलेला प्रसंग खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. दोष कोरीडोरसचा नसून तळाच्या क्षेत्रफळाचा आहे. ६० बाय ३० सेंटिमीटर टाकीचा तळ १,८०० चौरस सेंटिमीटर भरतो. ९० बाय ४५ च्या टाकीत तो ४,०५० होतो, म्हणजे दुपटीहून अधिक. टाकी घेताना आपण लिटर मोजतो, पण तळाशी राहणाऱ्या माशाला उंचीचा उपयोग फार थोडा.

माझ्या ९० सेंटिमीटरच्या टाकीत अगासिझी जातीचा एक नर, दोन माद्या आणि सहा कोरीडोरस दोन वर्षे एकत्र आहेत. मधोमध ड्रिफ्टवूडचा, म्हणजे पाण्यात मुरलेल्या लाकडाचा, मोठा तुकडा आडवा ठेवल्यामुळे एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाला दिसत नाही. दोन्ही गुहा डाव्या अंगाला आहेत, त्यांची तोंडे एकमेकींकडे नाहीत आणि ती इतकी अरुंद आहेत की मादी जेमतेम आत शिरते. उजवीकडे मोकळी बारीक वाळू आहे. दिवे मालवल्यानंतर कोरीडोरसांच्या बुडणाऱ्या गोळ्या मी नेहमी त्याच उजव्या कोपऱ्यात टाकतो. पोट भरलेला कोरीडोरस रात्री टाकीभर हिंडत नाही, तिथेच वाळू चाळत बसतो. या काळात एका मादीने दोनदा पिल्ले वाढवली आणि एकाही कोरीडोरसला इजा झाली नाही.

आणखी एक गोष्ट. जोडीला राखण करण्यासाठी कोणीतरी परका लागतो. समोर कोणीच नसले की मादीचा सगळा राग नरावर निघतो, कारण तिच्या हद्दीत शिरणारा तेवढाच एक मासा उरतो. निसर्गातही दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यांत एपिस्टोग्रामा आणि कोरीडोरस यांच्या कित्येक जाती एकाच पाण्यात राहतात. त्यांना परस्परांचे शत्रू ठरवणे मला पटत नाही.

पाणवठा

क्षेत्रफळाचा मुद्दा मी मान्य करतो आणि माझ्या लेखनात ‘लहान टाकीत’ हे शब्द मुद्दाम घातले होते, तेही त्यासाठीच. मात्र ओढ्याचा दाखला इथे लागू होत नाही. ओढ्यात हाकललेला मासा निघून जातो. पालापाचोळ्याच्या थराखाली त्याला शंभर वाटा असतात. टाकीत हाकललेला मासा काचेवर आपटतो आणि वळून पुन्हा तिथेच येतो. शिवाय कोरीडोरस अधूनमधून पृष्ठभागावर झेप घेऊन हवा गिळतो आणि आतड्यातून प्राणवायू शोषतो, हे आपण जाणताच. ही झेप घेऊन तो खाली उतरतो तेव्हा कुठे उतरेल याचा नेम नसतो. पिल्ले बाहेर काढलेल्या मादीच्या थेट पुढ्यात तो उतरलेला मी पाहिला आहे.

नराबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे. मात्र त्यावर उपाय म्हणून तिसऱ्या माशाला मार खायला ठेवणे मला योग्य वाटत नाही. मादी अंड्यांवर असताना नराला वेगळ्या टाकीत हलवता येते. आणि परका दिसायलाच हवा असेल, तर वरच्या थरातले पेन्सिलफिश पुरेसे आहेत. त्यांचे तोंड बारीक असते, हालचाल संथ असते आणि ते वर निर्धास्त तरंगताना दिसले की खालच्या भित्र्या जोडीलाही धोका नसल्याची खात्री पटते व ती उघड्यावर येते.

उष्णजल

आपण दोघेही एपिस्टोग्रामाबद्दलच लिहीत आहात, म्हणून रॅम हा दुसरा ड्वार्फ सिक्लिड पाळणाऱ्यांच्या वतीने एक वेगळा मुद्दा मांडते. आमच्याकडे भांडणाआधी तापमानाचा प्रश्न येतो.

रामिरेझी रॅम हा व्हेनेझुएला आणि कोलंबिया येथील ओरिनोको खोऱ्यातल्या गवताळ सपाट प्रदेशाचा मासा आहे. त्याला २७ ते ३० अंश सेल्सियस पाणी मानवते. २४ अंशांवर तो काही आठवडे तग धरतो, पण रंग उतरतो, खाणे कमी होते आणि रोग लवकर जडतो. आता त्याच्याबरोबर सर्रास सुचवले जाणारे मासे पाहा. निऑन टेट्राला २१ ते २५ अंश योग्य. ठिपकेदार पॅलिएटस कोरीडोरस तर याहून गार पाण्यातही आनंदाने राहतो. २९ अंशांवर हे मासे लगेच मरत नाहीत आणि फसगत होते ती इथेच. ऊब वाढली की पाण्यात विरघळलेला प्राणवायू घटतो आणि माशाची गरज मात्र वाढते. कोरीडोरस हवा गिळण्यासाठी पुन्हा पुन्हा वर येऊ लागतो आणि आपण त्याला ‘किती चपळ आहे’ म्हणून कौतुकाने पाहतो.

माझ्या मते रॅमच्या टाकीत निऑनऐवजी कार्डिनल हवेत. दोघांतला फरक ओळखणे सोपे आहे: कार्डिनलचा लाल पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत जातो, निऑनचा पोटाच्या मध्यापासून सुरू होतो. कार्डिनल मूळचा ओरिनोको आणि रिओ नेग्रो यांच्या वरच्या भागातला, त्यामुळे ऊब त्याला सोसते. तळाला मासा हवाच असेल, तर स्टेर्बाई कोरीडोरस २८ अंशांपर्यंत चांगला राहतो. रॅम अंडी गुहेत घालत नाही, उघड्या सपाट दगडावर घालतो आणि नर-मादी दोघेही राखण करतात. म्हणून दिवसा अंडी वाचतात. रात्रीबद्दल मात्र मी पाणवठा यांच्या बाजूने आहे. माझ्याकडेही दगड सकाळी स्वच्छ चाटलेला सापडला आहे.

जिथे वीज आणि हीटर यांचा खर्च नको असेल, तिथे रॅमचा हट्ट सोडून बोलिव्हियन रॅम आणावा. तो २३ ते २६ अंशांवर सुखाने राहतो आणि मग सोबत्यांची निवडही बरीच मोकळी होते.

गुहामुख

क्रिबेन्सिस या ड्वार्फ सिक्लिडचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून थोडक्यात. हा पश्चिम आफ्रिकेचा मासा आहे, नर १० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि पिल्ले असताना नर-मादी मिळून अर्धी टाकी रिकामी करतात. याच्याबरोबर कोरीडोरस ठेवायला ९० सेंटिमीटरची टाकीसुद्धा मला अपुरी वाटते. गुहेत राहणारा अँसिस्ट्रस हा कॅटफिश तर नकोच, कारण भांडण थेट गुहेसाठी होते आणि अंड्यांवर बसलेला अँसिस्ट्रस नर जागा सोडत नाही.

वाळूतळ

क्रिबेन्सिसबद्दल पूर्ण सहमत आहे. अँसिस्ट्रसबद्दलही.

उष्णजल यांचा मुद्दा वाचून मी माझ्या टाकीचे तापमान पुन्हा तपासले. ते २५ अंश आहे, आणि माझा अनुभव गोड असण्यामागे हेही एक कारण असावे, हे मी मान्य करतो. तरीही ‘कोरीडोरस नकोतच’ या टोकाला मी येणार नाही. पिल्ले बाहेर काढलेल्या मादीला समोर काहीतरी करायला असले की तिचे वागणे किती उलगडते, हे मी पाहिले आहे. कोरीडोरस ड्रिफ्टवूडच्या या बाजूला आला की ती अंगाला एक झटका देते आणि तीस-चाळीस पिल्ले क्षणात वाळूवर बसून निश्चल होतात. इतकी की माहीत नसेल तर तिथे काहीच नाही असे वाटावे. एखादे मागे राहिले तर ती ते तोंडात घेते आणि थव्यात नेऊन सोडते. संध्याकाळी प्रकाश मंदावू लागला की त्याच इशाऱ्याने सगळ्यांना गुहेत नेते. रिकाम्या टाकीत वाढणाऱ्या पिल्लांना हा इशारा पाळण्याची वेळच येत नाही.

पाणवठा

हे वर्णन वाचून मला माझ्या मादीची आठवण झाली. तिला तिथवर पोहोचता आले नाही. माझा आग्रह मी असा दुरुस्त करतो: ६० सेंटिमीटरच्या टाकीत कोरीडोरस नकोत, ९० च्या टाकीत आपण सांगितलेली आडोशाची आणि खाण्याच्या ठिकाणाची शिस्त पाळणार असाल तरच आणावेत, आणि तरीही पहिल्या अंड्यांच्या वेळी एक रिकामी, फिल्टर चालू असलेली टाकी हाताशी असावी. डोळा गमावलेला तो कोरीडोरस आता आपल्या कळपासह दुसऱ्या टाकीत आहे. मिशांवर तो अन्न बरोबर शोधतो, फक्त त्या बाजूने कोणी जवळ आले की उशिरा दचकतो.