नॅरोगेजच्या मॉडेलला छोटे तयार रूळ कामी येतात
'एचओमध्ये (१:८७ प्रमाणातल्या मॉडेल रेल्वेत) भारतीय स्टेशन केलं की रूळ अरुंद दिसतात' अशी तक्रार असते, ती खरीच आहे. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी, म्हणजे १:८७ ने १९ मिमीच्या वर जातो आणि एचओचा रूळ १६.५ मिमीचा. पण म्हणून नाद सोडायचं कारण नाही. कुर्डुवाडीवरून जाणाऱ्या जुन्या नॅरोगेज बार्शी लाइट रेल्वेचा गेज ७६२ मिमी होता; त्याच प्रमाणात पावणेनऊ मिमी. एन-गेजचा, म्हणजे एचओहून लहान मॉडेल रेल्वेचा, ९ मिमीचा तयार रूळ जवळपास चपखल बसतो! मी लहानपणी पाहिलेलं कुर्डुवाडी स्टेशन असंच करतोय, गाड्या-माणसं १:८७, रूळ एनचे.

गोची फक्त स्लीपरची, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांची. एनचे स्लीपर बारीक आणि दाट असतात, लगेच खेळणं वाटतं. मी खालचा प्लास्टिकचा जोड कापून ते विरळ केले, उरलेलं खडीखाली झाकलं. खडी म्हणजे चहाच्या गाळणीतून चाळलेली वाळू, वर पाणी घातलेलं फेविकॉल आणि थेंबभर भांड्यांचा साबण. साबणाशिवाय ते वाळूत मुरत नाही, नुसते गोळे होतात. फलाट मात्र निम्माच केलाय. २०० मीटरचा फलाट धरला तरी मॉडेलमध्ये सव्वादोन मीटरच्या वर जातो, आणि घरात तेवढं टेबल ठेवायला परवानगी नाही.