‘घरी केलेलं’ म्हणजे आईनेच केलेलं का?

घोडबंदरवासी

आमच्या सोसायटीत दिवाळीआधी मुलांची कंदील स्पर्धा असते. (सोसायटी कुठली ते विचारू नका, अर्धे शेजारी इथे वाचतात.) वयोगट ६ ते १२, नियम एकच : कंदील घरी केलेला हवा. निकालाच्या दिवशी लॉबीत जे टांगलेलं असतं ते एकदा येऊन बघा. पहिलीतल्या पोराच्या नावावर कटरने कोरलेली जाळी, आत दुहेरी पतंगी कागद, खाली मोजून कापलेल्या झिरमिळ्या. शेजारी पोराची आई उभी, बोटाला पट्टी. पोरगा खाली सायकल चालवतोय, त्याला आपला कंदील कुठला तेही धड माहीत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. एक तर ही स्पर्धा बंद करा, नाहीतर ‘मातांसाठी’ असा बोर्ड लावून घ्या. आणि प्रश्न कंदिलापुरता नाही. राखी घरी करा, शाडूचा गणपती घरी करा, चकल्या घरी तळा, शाळेचा प्रोजेक्ट ‘टाकाऊतून टिकाऊ’ करा. सगळ्याला एकच जाहिरात : सोपं आहे, स्वस्त आहे, मुलांना वेळ दिला जातो. सोपं कुणाला? सीएसएमटीहून निघून ठाणे स्टेशनला उतरायचं, तिथून घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर, घरी पोचायला नऊ. त्यानंतर खळ शिजवायची, फरशीवरचा फेव्हिकॉल खरवडायचा, वर ‘किती छान वेळ घालवता हो मुलांबरोबर’ हे ऐकायचं. जांभळी नाक्यावर दोन-तीनशे रुपयांत चांगला कंदील मिळतो. तो आणला तर मी वाईट आई?

नौपाड्याची

वाईट आई कोण म्हणतंय? पण रोग एक आणि औषध भलतंच सांगताय. वैताग स्पर्धेचा आहे, हाताने करण्याचा नाही.

माझी आई शाळा सुटली की, म्हणजे वार्षिक परीक्षेनंतर, जुन्या वह्यांमधली कोरी पानं काढायची. सगळी एका मापाची करायची, दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवायची, वरून कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. झाली कच्ची वही. आम्ही पानं मोजून लावायचो, ती शिवायची. कंदीलही तसाच. बाबा बांबूच्या कामट्या तासून चौकोन बांधायचे, आई मैद्याची खळ करायची, कागदी करंज्या आणि शेपट्या आम्हा भावंडांकडे. ते जिलेटीन कुणी सरळ चिकटवलं असेल तर शपथ. सुरकुत्या पडायच्याच. तरी तो गॅलरीत लागायचा, कारण बघायला परीक्षक नव्हते.

सहा वर्षांच्या मुलाला जमेल असा कंदील आहे की. कार्डशीट लांबीत दुमडा, घडीच्या बाजूने काप द्या, उघडून गोल करा, दोन स्टेपल. आत एलईडीचा बल्ब सोडा, तापणारा साधा बल्ब कागदाला नको. काप वाकडे येतील. येऊ द्या. तो लॉबीत हरेल, हेच तुम्हाला सोसवत नाहीये बहुतेक.

घोडबंदरवासी

मला सोसवतं. पोराला सोसवत नाही. बाकीच्या आयांनी कोरलेल्या जाळ्यांशेजारी त्याची वाकडी नळी टांगली की रडणार कोण आणि समजूत काढणार कोण?

सानपाडा_लोकल

विकत आणा आणि झोपा. विषय संपला.

कोपरखैरणेकर

इथे सगळ्यांना आठवणींचा उमाळा आलाय म्हणून थोडी उलटी बाजू मांडतो.

वडील माथाडी, एपीएमसीत, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात. आमच्या घरात सगळंच ‘घरी केलेलं’ होतं, कारण विकत घ्यायची ऐपत नव्हती. आई जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायची, आमच्या चाळीतल्या चार बायका मिळून एक एक पुरी करायच्या. शाळेची पिशवी जुन्या पँटची. राखीला रेशमाचा गोंडा, तोही ब्रशने पिंजून घरीच. वर्गातल्या पोरांच्या हातावर स्पंजच्या, चमकीवाल्या मोठ्या राख्या असायच्या आणि मी शर्टाची बाही खाली ओढून बसायचो. आम्हाला विकतचा कंदील हवा होता हो. प्लास्टिकचा, चकचकीत, सेक्टरच्या नाक्यावर लटकलेला. पहिल्या पगारात मी तोच आणला, आणि आईला तो भयंकर आवडला. तीन वर्षं पुसून पुसून वापरला तिने.

त्यामुळे ‘आईच्या हातचं साधंसुधं’ असं कुणी डोळे मिटून म्हणायला लागलं की मला विचारावंसं वाटतं, तिला पर्याय होता का? जिला पर्याय आहे तिने छंद म्हणून खुशाल करावं. पण माझ्या आईने निकड म्हणून केलं त्याला आज ‘संस्कार’ म्हणून माझ्या बायकोच्या गळ्यात मारू नका. ती बेलापूरला नोकरी करते, रविवारी तिला पाय पसरून बसायचं असतं.

एक मात्र खरं, त्यातली एक वाकळ अजून आहे आणि थंडीत पोरगी तीच ओढते. पण त्यावरून माझं मत बदलत नाही.

नौपाड्याची

@कोपरखैरणेकर, गोंड्याचं वाचून गप्प झाले. पण निकड होती म्हणून त्यातलं कसब कमी होत नाही ना? वाकळ शिवणाऱ्या चौघी एकमेकींत काय बोलत असतील, हसत असतील, तेही त्यातच आलं.

कोपरखैरणेकर

हसायच्या. मानदुखीने रात्री कण्हायच्यासुद्धा.

बाई_निवृत्त

मी ठाण्यात मराठी शाळेत शिकवत होते, कार्यानुभवाचा तासही घ्यायचे. थोडा इतिहास सांगते, कारण शाळांनी हे खूळ काढलं असा एकूण सूर दिसतोय.

हाताने काम करत शिकायचं ही कल्पना गांधीजींच्या नई तालीममधली, १९३७ च्या वर्धा परिषदेत ती मांडली गेली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव शालेय शिक्षणाचा भाग असावा असं सुचवलं. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्यालाच समाजोपयोगी उत्पादक कार्याचं रूप दिलं. यात कुठेही ‘रात्री अकरा वाजता आईने थर्माकोल कापावा’ असं लिहिलेलं नाही. काम मुलाने करायचं, शक्यतो शाळेत, आणि ते उपयोगी असावं, बस.

बिघडलं कुठे, तर तयार वस्तूला गुण द्यायला लागलो तिथे. वस्तू सुबक तर गुण जास्त. मग घरची मोठी माणसं उतरणारच. आता तर स्टेशनरीच्या दुकानात ज्वालामुखी, पवनचक्की, सूर्यमाला सगळं तयार मिळतं, फक्त नाव घालायचं. मी वर्गातच करून घ्यायचे. कागदी पिशव्या, पुस्तकांना कव्हरं, बटण लावणं. मुलगे असोत की मुली, बटण सगळ्यांना. एका पालकांनी येऊन सुनावलं होतं की मुलगा काय शिंपी होणार आहे का. त्यांना शर्टाचं तुटलेलं बटण दाखवलं, त्यांचंच.

तेव्हा घोडबंदरताई, स्पर्धा बंद करू नका, घरातून बाहेर काढा. क्लबहाऊसमध्ये मुलांना दीड तास बसवा, कागद-कात्री द्या, मोठी माणसं दाराबाहेर.

पारसिकचा_बाबा

या सगळ्यात बाबा कुठे आहेत विचाराल तर सांगतो : बाबा किल्ला करतात.

यंदा जरा जोर होता. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. पोरांनी खांदेरी निवडला, कारण तो समुद्रात आहे आणि पाणी ठेवायला परवानगी मिळेल. बागेत माती उकरायला मनाई, म्हणून टेरेसवर जुना टब, मध्ये विटांचे तुकडे, वरून गोणपाट, त्यावर नर्सरीतली लाल माती. आळीव शिंपडले, चार-पाच दिवसांत हिरवळ. एका पोराला ठाण्याचाच किल्ला करायचा होता. त्याला सांगितलं, मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकला तो खरा, पण आता तिथे सेंट्रल जेल आहे, आत जाऊन तटबंदी बघता येणार नाही. तो म्हणाला, मग कैदी पण करू. केले.

आईवरच सगळं पडतं हे सरसकट विधान मला मान्य नाही.

घोडबंदरवासी

वा. किल्ला वर्षातून एकदा, टेरेसवर, टाळ्यांसकट. फोटोत बाबा. दिवाळी संपल्यावर ती माती आणि कुजलेलं गोणपाट खाली कोण नेतं, याचंही उत्तर देऊन टाका.

पारसिकचा_बाबा

…हाउसकीपिंग.

सानपाडा_लोकल

😂😂 म्हणजे तेही विकतच.

हिरवी_ठाणेकर

विकतच्या कंदिलांचं कौतुक चाललंय म्हणून : महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीला बंदी आहे. तरी बाजारात काय काय दिसतं ते तुम्हीही बघता. त्यापेक्षा घरचा कागदाचा बरा, विघटन तरी होतं.

घोडबंदरवासी

घरी काय वापरतात ते बघितलंय का? ग्लिटर फोमशीट, ग्लू गनच्या काड्या, सॅटिनच्या रिबिनी. ‘हाताने केलं’ म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक होत नाही. आमच्या लॉबीतला पहिला नंबर तर जवळजवळ पूर्ण प्लास्टिकचा होता.

ऐरोली_गृहउद्योग

गप्प राहणार होते, पण ‘विकत आणा आणि झोपा’ वाचून लिहिते.

मी फराळ करून विकते. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत चार बायका माझ्याकडे येतात. तुमच्या डब्यावर लेबल असतं ‘घरगुती’. घर कुणाचं? माझं. तुमच्या घरी जागरण नको म्हणून ते माझ्या घरी होतं, हात बायकांचेच. तक्रार नाही, माझं पोट आहे त्यावर. पण विकत आणलं म्हणून बाईची सुटका झाली असं कुणी समजू नये. फक्त बाई बदलली. फरक एवढाच की मला पैसे मिळतात, तुम्हाला घरात मिळत नव्हते. तो फरक लहान नाही हेही सांगते.

आता भाव. लोक म्हणतात ‘घरी निम्म्यात होतं’. भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, वर थोडे धणे-जिरे. एवढ्याचा हिशेब सगळे धरतात. धुऊन वाळवणं, एकेक जिन्नस मंद आचेवर भाजणं, दळून आणणं, तेल, गॅस हे कुणी धरत नाही. उभं राहिलेल्या पायांचं तर कुठल्याच वहीत नाही.

तरीही माझं मत अर्धं नौपाड्याच्या ताईंच्या बाजूने आहे. भाजणी विकत घ्या, माझ्याकडून नाहीतर कुणाकडूनही, आणि रविवारी दोन वाट्यांच्याच चकल्या करा. सोऱ्या पोरांच्या हातात द्या, कागदावर वेटोळी पाडू देत, तुटली तरी ठीक. तळण मात्र मोठ्यांनीच. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर कडक होते. आच मोठी ठेवली की वरून लाल, आतून मऊ, दुसऱ्या दिवशी वातड. तेलातले बुडबुडे कमी झाले की काढायची. पहिला घाणा बिघडतोच, तो पोरं उभ्या उभ्या संपवतात.

नौपाड्याची

हेच म्हणतेय मी केव्हापासून! पाच किलोचं घेऊ नका, दोन वाट्यांचं करा.

कोपरखैरणेकर

दोन वाट्यांचं करायलाही कढई तीच, ओटा तोच घासायचा. पण ठीक, एवढं मी करू शकतो. घासायचं काम माझं.

घोडबंदरवासी

@बाई_निवृत्त, तुमची क्लबहाऊसची सूचना कमिटीच्या ग्रुपवर टाकली. पहिलं उत्तर आलं, ‘मग क्वालिटी राहणार नाही, बक्षीस कशावर द्यायचं?’ दुसरं, ‘मुलांना कात्री देणार, जबाबदारी कुणाची?’ तिसरं एका आजोबांचं, मलाही आत बसू द्या, मला कामट्या बांधता येतात.

बाई_निवृत्त

आजोबांना घ्या. बक्षीस नकोच, सगळे कंदील लॉबीत लावा. खळ मैद्याची करा, आम्ही पूर्वी त्यात मोरचूद घालायचो कीड लागू नये म्हणून, ते विषारी, मुलांच्या हातात अजिबात नको. चार दिवस टिकलं तरी पुष्कळ.

नौपाड्याची

मला हे पटत नाही. क्लबहाऊसमध्ये झालं की तो आणखी एक क्लास झाला, सोमवारी चित्रकला, बुधवारी अबॅकस, शनिवारी कंदील. घरात पसारा पडला पाहिजे. भांडण झालं पाहिजे माझा डिंक कुणी घेतला म्हणून.

घोडबंदरवासी

पसारा पडू द्या, पण मग उचलायची पाळी ठरवून द्या. फ्रिजवर लिहून. तोपर्यंत मी क्लबहाऊसच्याच बाजूने.

सानपाडा_लोकल

@ऐरोली_गृहउद्योग, अनारशाचं पीठ मिळेल का अर्धा किलो? तळून आम्ही बघू घरी. (हसा. बायको गावाला गेलीय, मुलीला शब्द दिलाय.)

ऐरोली_गृहउद्योग

मिळेल, पण आजच सांगा, तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात आणि पाणी रोज बदलायचं असतं. गूळ घातलेलं देते. खसखस तुमची तुम्ही आणा. तूप फार तापवू नका, आणि अनारसा उलटायचा नाही. खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्याने तूप उडवायचं. तरी कढईत हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर मला फोन करू नका, चुरा दुधात घालून मुलीला द्या.