मदत हवी आहे: अकोल्याच्या घरावर सोलर २ किलोवॅटचं घ्यावं की ३?

नमस्कार मंडळी,

अकोल्याच्या घरी आई-बाबा दोघंच असतात. गच्चीवर सोलर बसवायचा विचार चालू आहे. पैसे बाबांच्या निवृत्तीच्या रकमेतून जाणार, त्यामुळे नीट हिशेब केल्याशिवाय मला त्यांना हो म्हणू द्यायचं नाही.

मार्च ते जून दोन कूलर आणि बोअरची मोटर मिळून महिन्याला ३७५ च्या आसपास युनिट लागतात. एरवी १७०. एका किलोवॅटमागे महिन्याला सरासरी १२० युनिट धरले, तर २ किलोवॅटमध्ये वर्षाचा वापर जवळपास भागतो. एजन्सीवाले मात्र ३ चाच आग्रह धरतायत.

कोटेशन असं: २ किलोवॅट १ लाख ४० हजार, ३ किलोवॅट १ लाख ९५ हजार. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार अनुदान आहे, तिसऱ्याला फक्त १८ हजार. म्हणजे पदरचे ८० हजार किंवा १ लाख १७ हजार. (अनुदान नंतर खात्यात येतं, आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते, हेही बघायचंय.)

माझी खरी अडचण नेट मीटरच्या (घेतलेली आणि आपण परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) हिशेबाची आहे. जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जमा धरतात, पण ती आर्थिक वर्षापुरतीच. हिवाळ्यात साठलेली युनिटं मार्चमध्ये कामी येतील, पण ३१ मार्चला खातं बंद होतं आणि उरलेल्याला भाव अगदी कमी मिळतो. आमच्याकडे कूलरचा खरा जोर तर एप्रिलपासून! म्हणजे २ किलोवॅट घेतलं तरी एप्रिल, मे, जूनला महिन्याला १३५ युनिटांचं बिल येणारच. पण त्यातली पहिली १०० सगळ्यात स्वस्त दराची. तेवढ्यासाठी ३७ हजार जास्त घालावेत का? माझ्या मते नाही. भाऊ म्हणतो, दोन वर्षांत आई-बाबांना एसी लागेलच, तेव्हा ३ च घे. त्याचंही पटतं, ४५ अंशात कूलर पुरत नाही.

आणखी एक. पश्चिमेला मोठा कडुनिंब आहे, दुपारी चारनंतर दोन पॅनलवर सावली येईल. झाड तोडायचं नाही, हे बाबांनी आधीच सांगितलंय आणि मलाही ते मान्य आहे. एका पॅनलवरच्या सावलीने त्याच्याबरोबर जोडलेल्या बाकीच्यांचंही उत्पादन घटू शकतं, म्हणून विचारते: स्ट्रक्चर उंच करून फायदा होतो, की मायक्रो इन्व्हर्टरच (प्रत्येक पॅनलची वीज वेगवेगळी घरात वापरण्याजोगी करणारे छोटे इन्व्हर्टर) घ्यावेत?

लाइट गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद होतं, हे घरी सांगून झालंय.

विदर्भात कोणाकडे २ किंवा ३ किलोवॅट बसवलेलं असेल, तर एप्रिल-मेचं बिल किती आलं आणि मार्चअखेर किती युनिटं शिल्लक राहिली, एवढं जरूर सांगा. एजन्सीला या महिन्यात कळवायचं आहे.