एटीव्ही चढावर ओढत नाही: बेल्ट गेला की क्लच?

रानवाट:
नमस्कार मंडळी. माझी एटीव्ही (खडबडीत वाटांवर चालणारी चारचाकी) ऑटोमॅटिक, बेल्टवाली आहे. सपाटीला ठीक चालते, पण चढ लागला किंवा मागे ट्रॉली जोडली की इंजिन नुसतं ओरडतं, वेग काही वाढत नाही. जळक्या रबराचा वासही येतो. मेकॅनिक म्हणतो अख्खा क्लच सेट, म्हणजे बेल्टच्या दोन्ही पुल्या, बदला. त्याआधी घरी काय तपासता येईल?

पानापक्कड:
सेटची घाई करू नका. बेल्ट घसरतोय एवढं दिसतंय, पण का घसरतोय ते कव्हर उघडल्यावरच कळेल. इंजिन गार झालं की बेल्ट काढून उजेडात धरा. दोन्ही कडा चकाकत असतील तर तो बरेच दिवस थोडाथोडा घसरत आलाय. एकाच जागी खोलगट झिजला असेल तर गाडी रुतलेली असताना रेस दिली गेलीय. पुढची पुली फिरत राहिली आणि बेल्ट जागचा हलला नाही. मग रुंदी व्हर्नियरने मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा.

पुलीच्या आतल्या बाजूवर नख फिरवा, खाच लागते का पाहा. प्रायमरीत, म्हणजे इंजिनाकडच्या पुढच्या पुलीत, रोलर असतील तर चपटे झालेत का बघा, तसे झाले की गाडी झटके देते. तुमच्या लक्षणांवरून माझा पहिला संशय मात्र सेकंडरीच्या, म्हणजे मागच्या पुलीच्या, स्प्रिंगवर आहे. बेल्टला आवळून धरते ती हीच. मऊ पडली की लोड येताच पकड सुटते. पुली ब्रेक क्लीनरने पुसा, ग्रीसचा हात तिथे लागू देऊ नका.

रानवाट:
ओढा ओलांडल्यापासून त्रास वाढलाय. शिवाय ब्रेक सोडला की गाडी आपोआप पुढे सरकते.

ओलीमाती:
मग आधी पाणी काढा. कव्हरच्या तळाचा ड्रेन प्लग उघडा, न्यूट्रलवर ठेवून थोडी थोडी रेस द्या. बेल्ट सुकल्यावर ओढ परत आली तर स्प्रिंगला हात लावायची गरजच नाही. कव्हरचं सील आणि हवेच्या नळ्या तपासा.

सरकण्याचं कारण वेगळं असू शकतं. आयडल (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) जास्त असेल तर प्रायमरी उभ्या गाडीतच बेल्ट पकडू लागते, म्हणून आधी आरपीएम बघा. ते बरोबर असूनही सरकली तर प्रायमरीची स्प्रिंग तपासायला हवी.

पानापक्कड:
बरोबर. आणि तोवर चढावर, ट्रॉली ओढताना लो गिअरच वापरा.