टोयोटा सिएनाला इलेक्ट्रिक ट्रेलर ब्रेक कंट्रोलर: वायर कुठून न्यायची, डबा कुठे बसवायचा?

गार्डनस्टेट_कॅम्पर

गाडी सिएना २०१६, ३.५ लिटर व्ही६, फ्रंट व्हील ड्राइव्ह. हिच (ट्रेलर ओढायचा जोड) बसवलेला आहे. मागे चार वायरींचा चपटा कनेक्टर आहे, त्याच्या कन्व्हर्टरला बॅटरीवरून वेगळी लाइन दिलेली आहे. ट्रेलर एका ॲक्सलचा, जीव्हीडब्ल्यूआर (सामानासह कमाल वजन) २९०० पौंड, दोन्ही चाकांना १० इंची इलेक्ट्रिक ब्रेक, प्लग सात पात्यांचा.

ट्रकांना असतो तसा कंट्रोलरचा (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या डब्याचा) तयार प्लग या गाडीच्या डॅशखाली नाही, म्हणजे सगळं वायरिंग नव्याने करावं लागणार. प्रॉडिजी पी२ हा कंट्रोलर घ्यायचा विचार आहे. प्रश्न असे:

कंट्रोलरचा १२ व्होल्ट सप्लाय डॅशखालच्या फ्यूजबॉक्समधून टॅप करून घेतला तर चालेल का? १४ गेजची वायर घरात पडून आहे, ती पुरेल का? स्टिअरिंगखाली ड्रायव्हरच्या गुडघ्यांची एअरबॅग आहे, मग कंट्रोलर नेमका कुठे लावायचा? आणि सात पिनांच्या सॉकेटमध्ये खोचायचे ब्लूटूथवाले कंट्रोलर मिळतात, ते घेऊन हा सगळा व्याप टाळता येईल का?

दहागेज

फ्यूजबॉक्स नको. १० इंची ब्रेकचा मॅग्नेट (करंट मिळाला की ब्रेक लावणारा विद्युतचुंबक) साधारण ३.२ ओहमचा असतो आणि ३ अँपिअर घेतो, दोन चाकांचे मिळून ६. आकडा छोटा दिसतो म्हणून लोक टॅप मारतात. पण ट्रेलरखाली वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर टॅपचा फ्यूज जातो, आणि गेलेला फ्यूज चालत्या गाडीत परत येत नाही. म्हणून इथे फ्यूजऐवजी आपोआप रीसेट होणारा सर्किट ब्रेकर वापरतात. तापला की तोडतो, निवला की पुन्हा जोडतो. एक-दोन ॲक्सलला २० अँपिअर, तीन ॲक्सलला ३०.

या ब्रेकरला दोन स्टड असतात. तांब्याच्या रंगाचा (बीएटी) बॅटरीकडे, चंदेरी (एयूएक्स) कंट्रोलरच्या काळ्या वायरीकडे. ब्रेकर बॅटरीपासून फूटभराच्या आत बसवा, कारण बॅटरी ते ब्रेकर एवढ्या तुकड्याला कसलंच संरक्षण नसतं.

आता वायर. गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड. बॅटरी ते कंट्रोलर ८ फूट आणि कंट्रोलर ते मागचं सॉकेट २० फूट धरा. २८ फुटांत ६ अँपिअरला १४ गेजवर सुमारे ०.४ व्होल्ट पडतो, १० गेजवर ०.१७. नुसता ड्रॉप पाहिला तर १४ गेज अगदीच वाईट नाही. अडचण त्या २० अँपिअरच्या ब्रेकरची आहे. इंजिनाच्या उष्णतेत १४ गेजची वायर ब्रेकरच्या आधी तापायला नको. शिवाय ट्रेलरच्या आतलं वायरिंग बहुतेक वेळा बारीकच असतं, तिथे आणखी ड्रॉप होतो. १० गेजची आवरणातली जोडवायर आणा, काळी-पांढरी एकत्र. किमतीत फार फरक नाही.

क्रम असा. बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि किमान ९० सेकंद थांबा. एअरबॅगच्या सर्किटमधला साठा उतरायला टोयोटा एवढा वेळ सांगते. फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याला) नवीन भोक पाडू नका, आधीच्या हार्नेसच्या रबरी ग्रोमेटला छोटी चीर देऊन वायर आत घ्या आणि चिरेत सिलिकॉन भरा. पत्र्याच्या उघड्या कडेवरून गेलेली वायर आज ना उद्या सोलली जाते. आत आल्यावर ती ब्रेक पेडल आणि स्टिअरिंग शाफ्टपासून लांब बांधा. कंट्रोलरची पांढरी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. डॅशखालच्या कुठल्यातरी बोल्टवर ग्राउंड घेऊन भागवू नका.

निळी वायर ब्रेकची. तीही १० गेजनेच गाडीच्या पोटाखालून मागे न्या, प्लास्टिकच्या लूममध्ये (संरक्षक नळीत) घालून, दर दीड फुटावर टाय. एक्झॉस्ट, पेट्रोलची नळी आणि ब्रेकची नळी यांना टाय मारून बांधू नका, बाकी जागा भरपूर आहे.

मागे चार-ते-सातचा ॲडॉप्टर लावा. तपकिरी (टेल), पिवळी (डावा इंडिकेटर व ब्रेकलाइट), हिरवी (उजवा) आणि पांढरी (ग्राउंड) या चार चपट्या कनेक्टरमधूनच मिळतात. निळी आणि काळी तुम्ही आणायची. काळी म्हणजे ट्रेलरच्या बॅटरीच्या चार्जिंगची, तिला वेगळा ब्रेकर हवा, १० गेजला ३० अँपिअर. मधली सातवी पिन रिव्हर्सची, तुम्हाला नको असेल तर मोकळी सोडा. चपट्या कनेक्टरची पांढरी वायर फक्त दिव्यांच्या हिशोबाची बारीक असते, तिच्यावर ब्रेकचा करंट टाकू नका. सॉकेटपासून १० गेजची वेगळी पांढरी घ्या, चॅसीवर रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वर ग्रीस लावा.

चार्जिंगच्या काळ्या वायरीला इग्निशनवर चालणारा रिले जरूर घाला. नाहीतर कॅम्पवर ट्रेलर जोडलेलाच राहिला की रात्रभरात गाडीची बॅटरी ट्रेलरचे दिवे पोसत बसते.

पेडलखालून

वरच्या उत्तरात कंट्रोलरची लाल वायर राहिली, आणि निम्मे घोळ तिथेच होतात.

लाल वायर ब्रेक पेडलवरच्या स्टॉप लॅम्प स्विचला जोडायची. टोयोटाच्या या स्विचला बहुधा चार वायरी असतात. एक जोडी ब्रेकलाइटची, दुसरी क्रूझ आणि कॉम्प्युटरसाठी उलटी चालणारी. रंगांवर जाऊ नका, मल्टिमीटरने शोधा. चावी बंद ठेवून, पेडल सोडल्यावर शून्य आणि दाबल्यावर १२ व्होल्ट दाखवेल ती तुमची. कायम १२ दाखवणारी घेतलीत तर कंट्रोलरला वाटेल की तुमचा पाय सतत ब्रेकवर आहे. पेडल सोडल्यावर १२ आणि दाबल्यावर शून्य असेल ती उलट्या जोडीतली, ती घेतलीत तर पाय काढल्यावर ब्रेक लागायला बघतील. वायर सापडली की हॅझर्ड लावून तिच्यावर ठोके येत नाहीत ना ते पाहा. दिव्याचा टेस्टर तिथे लावू नका, आजूबाजूला एअरबॅगच्या पिवळ्या वायरी असतात.

टॅप करायला ते निळे दाबायचे क्लिप वापरू नका. पातं तार अर्धवट कापतं आणि पेडलच्या हादऱ्यांनी सांधा सैल होतो. मग ट्रेलरचे ब्रेक मध्येच लागतात, मध्येच नाही. दोष सापडायला फार छळतो. सोल्डर करून हीट श्रिंक, नाहीतर स्क्रूचा टॅप.

जागेबद्दल. स्टिअरिंग कॉलमखालचं पॅनेल हेच गुडघ्याच्या एअरबॅगचं झाकण. त्यावर, त्याच्या कडांवर आणि त्याच्या समोर काहीही लावायचं नाही. स्क्रू नाही, चिकटपट्टीसुद्धा नाही. एअरबॅग फुगली की तो डबा थेट नडगीवर येईल. मधल्या कन्सोलच्या खालच्या भागाची ड्रायव्हरकडची बाजू बघा. उजव्या हाताने कंट्रोलरची तरफ (ट्रेलरचा ब्रेक हाताने लावायची) सहज मिळते आणि ॲक्सिलरेटरवरच्या पायाला लागत नाही. स्क्रू अर्ध्या इंचापेक्षा लांब घेऊ नका आणि भोक पाडण्याआधी मागे हात घालून हार्नेस कुठे आहे ते चाचपा.

पी२ प्रपोर्शनल आहे. आतला सेन्सर गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय हे मोजून त्या प्रमाणात ट्रेलरला करंट देतो. म्हणून डबा गाडीच्या दिशेला समांतर हवा आणि डावी-उजवीकडे कललेला नको. पुढे-मागे कितीही तिरपा चालतो. कन्सोलची बाजू आत वळलेली असेल तर ब्रॅकेटखाली पाचर घालून सरळ करा.

ब्लूटूथवाल्याने फायरवॉल, लाल वायर आणि एअरबॅग ही तिन्ही झंझटं जातात. पण त्याला सॉकेटच्या काळ्या पिनवर १२ व्होल्ट आणि पक्कं ग्राउंड लागतंच. म्हणजे बॅटरीपासून मागेपर्यंत वायर ओढायची आहेच. ती ओढायचीच आहे तर माझं मत साधा कंट्रोलर बसवावा असं.

दहागेज

याच्याशी सहमत, आणि कारण वायरिंगपेक्षा मोठं आहे. ट्रेलर डोलायला लागला की गाडीचा ब्रेक दाबायचा नसतो. ॲक्सिलरेटर सोडून फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावायचा, म्हणजे तो मागे ओढून सरळ होतो. त्या दोन सेकंदांत फोन अनलॉक करून ॲपमधलं बटण शोधायचं? भाड्याच्या किंवा लीजवरच्या गाडीला ब्लूटूथवाला ठीक.

वजनकाटा

वायरिंग चोख झालं तरी आकडे तपासा. या सिएनाची ओढायची मर्यादा ३५०० पौंड, त्यामुळे २९०० बसतात. हिचवरचा भार १० टक्के धरला तर २९० पौंड, आणि तो गाडीच्या पेलोडमधून (माणसं-सामान मिळून गाडीला चालणाऱ्या कमाल वजनातून) वजा होतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पेलोड लिहिलेला असतो. सात माणसं, कूलर, तंबू आणि हे २९० असं सगळं त्या आकड्यात बसलं पाहिजे. बहुतेक कुटुंबांचं गणित इथेच चुकतं, ओढण्यात नाही.

कायद्याचं म्हणाल तर बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांवर ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, पण कॅलिफोर्नियात कॅम्प ट्रेलरला १५०० पासूनच. तुमच्या ट्रेलरला ब्रेक आहेतच, तर ते चालू स्थितीत असलेले बरे.

मेलबर्नहून

एक सावधगिरी. यूट्यूबवर ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ खूप आणि चांगले आहेत, पण आमच्या प्लगचे रंग अमेरिकेच्या प्लगला लावू नका. इथे काळी वायर रिव्हर्सची आणि लाल ब्रेकलाइटची. तुमच्याकडे काळ्यावर थेट बॅटरी असते. निळी ब्रेकची आणि पांढरी ग्राउंड हे मात्र दोन्हीकडे सारखं.

गार्डनस्टेट_कॅम्पर

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे १० गेजने वायरिंग झालं, डबा कन्सोलच्या बाजूला बसला, दिवे सगळे बरोबर लागतात. पण ट्रेलर जोडला तरी पी२ च्या पडद्यावर ‘एन. सी.’ (ट्रेलर जोडलेला नाही) चमकतं. सॉकेटच्या निळ्या पिनवर मल्टिमीटर लावून तरफ ओढली तर आकडा नाचतो, स्थिर येत नाही. कंट्रोलर खराब असेल का?

दहागेज

कंट्रोलरवर शेवटी संशय घ्या. तो पल्समध्ये करंट देतो, म्हणून लोड नसताना मल्टिमीटरचा आकडा भरवशाचा नसतो. सॉकेटच्या निळ्या आणि पांढऱ्या पिनमध्ये गाडीच्या ब्रेकलाइटचा साधा बल्ब लावा, एलईडी नको. कोणालातरी तरफ हळूहळू ओढायला सांगा. बल्ब त्याप्रमाणे उजळत गेला तर गाडीकडची बाजू ठीक.

मग ट्रेलरचा प्लग हातात घ्या आणि निळ्या-पांढऱ्या पात्यांमध्ये ओहम मोजा. दोन मॅग्नेट समांतर म्हणजे १.६ च्या आसपास यायला हवं. ३.२ आलं तर एकच चाक जोडलेलं आहे. काहीच आलं नाही तर निळी तरी तुटलीय किंवा ग्राउंड तरी गेलंय. ग्राउंडचा संशय जास्त. ट्रेलरच्या दांड्यावर जिथे पांढरी वायर स्क्रूने बसवलेली असते तिथे गंज धरतो. दिवे मात्र कसेबसे हिचच्या बॉलमधून ग्राउंड घेऊन लागत राहतात, म्हणून फसगत होते. प्लग उघडून स्क्रू तारेवर बसलाय की इन्सुलेशनवर, तेही बघा.

पेडलखालून

‘सी’ (ट्रेलर जोडला गेला) दिसायला लागलं की लगेच हायवेला जाऊ नका. आधी ट्रेलरचं चाक जॅकवर उचला. बॅकिंग प्लेटच्या फटीतून दातेरी चाकी फिरवून चाक हाताने जेमतेम फिरेल इतकं आवळा, मग मोकळं फिरून किंचित घासल्याचा आवाज येईल इतकं सैल करा. दोन्हीकडे सारखं. अॅडजस्ट न केलेल्या ड्रमला कंट्रोलरवर कितीही व्होल्ट वाढवले तरी पकड येत नाही.

मग सपाट, कोरडा, रिकामा रस्ता. ताशी २५ मैलांवर तरफ पूर्ण ओढा, फक्त ट्रेलरचा ब्रेक. चाकं लॉक होऊन घासली तर पॉवर कमी करा, गाडी नुसती रेंगाळली तर वाढवा. लॉक होण्याच्या जरा अलीकडे थांबायचं. ट्रेलर रिकामा-भरलेला झाला की हे परत करायचं. बूस्ट (ट्रेलरला सुरुवातीलाच जास्त ब्रेक देणारी सोय) बंदच ठेवा, तुमचा ट्रेलर गाडीपेक्षा हलका आहे. ब्रेकचे शू नवीन असतील तर ४० वरून २० पर्यंत वेग उतरवत २०-३० वेळा ब्रेक लावा, मध्ये निवायला वेळ द्या. ते बसल्यावर पकड वाढते, तेव्हा पॉवर पुन्हा थोडी उतरवावी लागेल.

ब्रेकअवे स्विचही (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा) तपासा, पण प्लग गाडीतून काढून. जोडलेला असताना पिन ओढलीत तर ट्रेलरच्या बॅटरीचा करंट निळ्या वायरीतून उलटा कंट्रोलरमध्ये शिरतो. पिन काढल्यावर चाक हाताने फिरत नाही एवढं पाहून लगेच परत खोचा, तशीच ठेवली तर मॅग्नेट तापतात आणि बॅटरी उतरते.