दिव्यांभोवती कडी दिसतात. दुसऱ्या डोळ्यात कोणती लेन्स टाकू?

सुईदोरा: वय ६४, साताऱ्यात घरीच ब्लाउज शिवते. दोन महिन्यांपूर्वी डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मल्टिफोकल लेन्स टाकली, लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी. दिवसा छान, पेपर चष्म्याविना वाचते. पण दिवेलागणीला काळ्या कापडावरचा काळा दोरा हरवतो, आणि रात्री समोरून गाडी आली की दिव्याला खळं पडतं, चंद्राला पडतं तसं. दवाखान्यात म्हणतात, ६/६ आहे, सवय होईल. मग बोलायला तोंडच राहत नाही! पुढच्या महिन्यात उजवा डोळा. तिथेही हीच टाकू का?

चष्मेवाला_कोल्हापूर: ताई, ६/६ येतं ते पांढऱ्यावर काळी अक्षरं वाचून. तुमची परीक्षा काळ्यावर काळा, ती त्या तक्त्यात नाही. मल्टिफोकल आलेला उजेड वाटून देते, थोडा लांबच्यासाठी, थोडा जवळच्यासाठी. लांबचा दिवा बघताना जवळचं पुसट चित्रही डोळ्यातल्या पडद्यावर पडतंच. तेच तुमचं खळं. अंधारात बाहुली मोठी होते, म्हणून रात्री त्रास जास्त. बऱ्याच जणांना काही महिन्यांत ते जाणवेनासं होतं, हेही खरं. तोवर कोरडेपणा, उरलेला नंबर, पडदा आणि लेन्स मधोमध बसलीय का, एवढं तपासून घ्या. एक सांगतो: लेन्स बदलण्याचा विचार असेल तर आधी जाळीचा लेसर, म्हणजे ऑपरेशननंतर लेन्सच्या मागे धरणारी जाळी काढायचा, करू नका. त्याने लेन्स जिच्यात बसते त्या पिशवीला मागून भोक पडतं, मग बदलणं अवघड.

पेन्शनर_मिरज: माझी टोरिक होती, तिरक्या नंबरासाठी. आठवड्यात १० अंश फिरली! एका अंशाला साधारण ३ टक्के फायदा जातो, ३० अंशांना सगळाच. परत टेबलावर घेऊन सरळ केली. उजव्यात साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराची, टाकली, लांबचं स्वच्छ. वाचायला चाळिशी लागते, लागू दे.

सुईदोरा: म्हणजे एका डोळ्यात ही, दुसऱ्यात ती, चालतं?

चष्मेवाला_कोल्हापूर: चालतं, बरेच जण करतात. पण शिवणाचं अंतर मोजून सांगा, मशीनची सुई डोळ्यापासून किती लांब ते. लेन्सचा नंबर त्यावर ठरवता येतो. आणि डोळ्याची लांबी नीट मोजून घ्या. तिथे एक मिलिमीटर चुकला तर अडीच-तीन नंबराचा फरक पडतो.

सुईदोरा: आत्ताच टेपने मोजलं, सोळा इंच. सोमवारी जाताना काळ्या पॉपलिनचा तुकडा आणि काळी रीळ पिशवीत टाकते. तक्ता राहू दे, म्हणेन, हे शिवून दाखवते.